चढता दिवा

गुणवंत इंगोले दर रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याला जायचा, तो बहिणीशी भांडायला. बहीण आता बोलू शकत नव्हती, बोट हलवू शकत नव्हती, पापणीसुद्धा तिच्या मर्जीने मिटत नव्हती. त्यामुळे भांडणाच्या दोन्ही बाजू त्यालाच सांभाळाव्या लागत. तरी तो जायचा.

उभी हयात त्याने त्याच रस्त्यावर एसटी चालवली होती. आता गाडी आपली आपण चालायची. चालकाची जागाच उरली नव्हती, तिथे काचेसमोर प्रवाशांसाठी एक बाक होता. गुणवंत त्यावर बसायचा आणि घाटातल्या प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय नकळत जमीन दाबायचा. धामणगाव गढी मागे पडली की धुकं सुरू व्हायचं. आधी झाडांचे शेंडे जायचे, मग झाडं, मग रस्ता. गाडीला ते सगळं दिसत असावं, कारण ती मुळीच न अडखळता वर चढत राहायची आणि गुणवंतला वाटायचं, आपण कापसात शिरतोय.

शुश्रूषागृह कॉफीच्या बागेच्या कडेला होतं. बैठ्या खोल्या, लांब व्हरांडा, आणि खिडकी उघडी राहिली तर खोलीत येऊन बसणारं धुकं. तिथली माणसं हळू बोलत, हळू चालत. आत पाऊल टाकलं की आपण जागे आहोत की कुणाच्या तरी झोपेतून चाललोय, हे थोडा वेळ कळायचं नाही. शेवटच्या खोलीत वनमाला होती.

वनमाला त्याच्याहून मोठी. वऱ्हाडात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, तसं तो तिला बाईच म्हणायचा. अचलपूरच्या शाळेत तिने गणित शिकवलं. आवाज असा, की बाजूच्या वर्गातली मुलंही तिचेच पाढे पाठ करून घरी जायची. मज्जातंतूंचा आजार झाला तेव्हा आधी हात गेले, मग पाय, मग तो आवाज. शेवटी डोळे तेवढे हलत होते, तेही एके दिवशी थांबले. ऐकू मात्र सगळं येत होतं. मेंदू लख्ख होता. श्वास यंत्र देत होतं.

त्याच दिवसांत एकदा तिचा कान डोक्याखाली दुमडला गेला. सकाळी कूस बदलताना झालं असावं. संध्याकाळी तिच्या मुलीने, केतकीने, केस विंचरायला मान उचलली तेव्हा कान काळानिळा पडला होता. अख्खा दिवस ती तशी होती आणि केतकी शेजारी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. त्यानंतर केतकीने पायरी आणायचा हट्ट धरला.

पायरी म्हणजे वेदना ओळखणारं यंत्र. रुग्णाच्या कपाळावर आणि मनगटावर एकेक पातळ पट्टी, आणि उशाशी पाच दिव्यांचा उभा खांब. सगळ्यात खाली मोतिया, मग निळसर, पिवळा, नारिंगी आणि टोकाला लाल.

पहिल्याच रविवारी डॉ. नौशीन यांनी ते गुणवंतला समजावून सांगितलं होतं. परतवाड्याच्याच, त्यामुळे त्याच्याशी आपुलकीने बोलायच्या.

"हे यंत्र बोलू शकणाऱ्या रुग्णांकडून शिकलंय, इंगोलेकाका. हजारो लोकांना ही पट्टी लावली. नाडी, घाम, श्वासाची ओढ, मेंदूतल्या काही लहरी, हे सगळं टिपलं. आणि त्यांना विचारत राहिलो, आत्ता कसं वाटतंय? पाचांतला एक शब्द निवडा. निवांत, कुरबुर, ठणका, कळ, असह्य. कुठल्या खुणांना लोक कुठला शब्द म्हणतात, ते यंत्राने शिकून घेतलं."

"म्हणजे पाच खाने," गुणवंत म्हणाला.

"खाने नाहीत. खाने असते तर आंबा, पेरू, सीताफळ, यातलं काहीही कशाच्याही शेजारी ठेवता आलं असतं. या शब्दांना क्रम आहे. असह्यला कळ म्हटलं तर एका पायरीची चूक. असह्यला निवांत म्हटलं तर माणूस तडफडत पडणार. म्हणून त्याला जिना शिकवला. ते एवढंच बघतं, की माणूस पहिल्या पायरीच्या वर गेलाय का, दुसरीच्या वर गेलाय का, तिसरीच्या..."

"आणि चुकलं तर?"

"पहिल्या खेपेला चुकलं होतं. शिकवणीतल्या ज्या लोकांची नाडी फार धावायची, त्यांना नर्सनी आधीच जबर औषध दिलेलं असायचं. ते म्हणायचे, निवांत. यंत्राने काय धडा घेतला, तर नाडी फार धावली की माणूस निवांत. एका रुग्णाचे त्यामुळे फार हाल झाले. तेव्हापासून यंत्राला एक अट आहे. कुठलीही एक खूण वाढली आणि बाकीच्या तशाच राहिल्या, तर पायरी चढेल किंवा तिथेच राहील. उतरणार नाही. ही अट त्याला वरून सांगितलेली नाही, त्याची घडणच तशी आहे. त्याला ती मोडताच येत नाही."

तिसऱ्या पायरीला दिवा पोचला की यंत्र आपणहून नळीत औषध सोडायचं. गुणवंतला ते चांगलं वाटलं. कान दुमडल्याची गोष्ट त्यालाही रात्र रात्र छळत होती.

पण मग रविवार बिघडायला लागले.

तो यायचा, खुर्ची ओढायचा आणि सुरू व्हायचा. "काय वो बाई, काल तुह्या शाळेपुढून गेलो. नवीन फाटक लावलं, लय सुंदर. तुह्या वेळचं फाटक म्हणजे गुरांचा कोंडवाडा होता." एवढं म्हणेपर्यंत मोतियाचा निळसर व्हायचा. मग तो तिच्या बाजूने उत्तर द्यायचा, "गुण्या, शाळेत तू गेलास कधी, तुले फाटक ठाऊक असायला?" दिवा पिवळा. नळीत औषध. आणि भांडण कुठे रंगात येतंय, तोवर बाई झोपलेली असायची. शेजारच्या पडद्यावर मेंदूच्या जागेपणाची डोंगरासारखी वरखाली जाणारी रेघ सपाट होऊन जायची. तो उरलेला वेळ तिच्या झोपलेल्या हाताशी बसून राहायचा आणि शेवटच्या गाडीने खाली उतरायचा.

दिवाळी झाली त्या सुमाराला केतकी त्याला व्हरांड्यात घेऊन गेली. तिने शाल घट्ट ओढून घेतली होती.

"मामाजी, तुम्हाला वाईट वाटेल. पण तुम्ही येता त्या दिवशीच आईचा दिवा चढतो. एरवी आठवडाभर ती निवांत असते, फार तर कुरबुर. मी बघतेय ना."

"म्हणजे माह्यामुळं तिले दुखते?"

"मी तसं म्हणत नाही. यंत्र म्हणतंय. लहानपणापासून तुमची भांडणं ऐकली मी. दिवाळीला तुम्ही आलात की बाबा आणि मी गच्चीवर जाऊन बसायचो. आईला त्याचा त्रास होत असेल, असं मला तेव्हाही वाटायचं. ती कधी बोलली नाही एवढंच. आता तर तिला उठून जाताही येत नाही."

एवढ्या वर्षांत गुणवंतला हे कुणी म्हटलंच नव्हतं. भाऊबहीण भांडतात, त्यात काय?

पुढच्या रविवारी तो आला आणि गप्प बसला. हात धरला, सोडला. धुकं खिडकीशी आलं, आत वाकलं आणि गेलं. दिवा थोडा वेळ निळसर झाला आणि मग मोतिया झाला, तो तसाच राहिला. केतकीने त्याच्यासाठी कॉफी आणली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत कृतज्ञता होती. खाली उतरताना गाडीत त्याला वाटलं, बरोबरच आहे पोरीचं. आपण तोंड मिटलं आणि बाईला बरं वाटलं.

मग त्याने जाणं सोडलं.

घरी बसून तो सगळी भांडणं आठवू लागला. सगळ्यांत जुनं कापसाचं. त्यांचे वडील अचलपूरला एका जिनिंग कारखान्यात फिटर होते. राहायची खोली आवारातच. हंगामात आवारात कापसाच्या गंज्या उभ्या राहायच्या, घरापेक्षा उंच, चांदण्यात तर आपणहून उजळल्यासारख्या. धक्क्यावरून गंजीत उडी मारायची मनाई होती, म्हणून दोघं मारायची. एकदा एकजण खोल गेलं आणि वरून कापूस ढासळला. दुसऱ्याने हात घालून, चाचपून, केसाला धरून बाहेर ओढलं. एवढ्यावर दोघांचं एकमत होतं. आत कोण गेलं आणि बाहेर कोण होतं, यावर मात्र जन्मभर झालं नाही.

आता अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने पहिल्यांदाच ते नीट आठवून पाहिलं, तर त्याला दोन्ही आठवत होतं. आतला तो पांढरा उजेड, सरकीची ऊब, आपल्याच रक्ताखेरीज कसलाही आवाज नाही. आणि बाहेरून कापसात कोपरापर्यंत घातलेला हात, बोटांना लागलेले केस. कुठला हात आपला, कुठले केस आपले, ते काही ठरेना. आपण सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आलो ते खरं आहे की नुसतं बाईला चिडवण्यापुरतं, तेही कळेना. तिला खरंच लागत असेल का ते? इतकी वर्षं?

पौष लागला आणि केतकीचा फोन आला.

"मामाजी, तुम्ही येत नाही तरी दिवा चढतो."

"कधी?"

"रविवारी. तुमची गाडी यायच्या वेळेला. आठवडी बाजाराचा गलका वरपर्यंत येतो, त्यावरून तिला वार कळत असणार. निळसर होतो, पुढे पिवळा. संध्याकाळची गाडी गेली की उतरतो. मी आधी म्हटलं, योगायोग असेल. पण प्रत्येक रविवारी? ती तुम्हाला घाबरते की तुमची वाट बघते, मला कळत नाहीये. डॉक्टरांनाही कळत नाहीये. तुम्ही या."

तो गेला. डॉ. नौशीन यांनी त्याला आणि केतकीला समोर बसवलं.

"एक तास औषध आपोआप सुटणार नाही असं मी करू शकते," त्या म्हणाल्या. "दिवा चालू राहील, पण औषधाचं बटण केतकीच्या हातात असेल. वाटलं की दाबायचं. पण नीट ऐका. या तासात तिला खरंच दुखत असेल, तर ते आपण तिला सोसायला लावतोय. आणि तिला सांगता येणार नाही."

"शिकवणीतल्या लोकांत हसणारं कुणी नव्हतं काय?" गुणवंतने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नव्हतं. हसणाऱ्या माणसाला दवाखान्यात पट्टी कोण लावतं? आनंद, राग, हुरूप, या सगळ्यांनी नाडी वाढते, घाम येतो. यंत्राला त्याचं दुखण्याशिवाय दुसरं नावच माहीत नाही."

केतकीचा हात आपल्या कानाशी गेला होता. मग ती म्हणाली, "एक तास."

खोलीत दुपारचं पांढुरकं ऊन होतं. डॉक्टर खिडकीशी उभ्या राहिल्या. केतकी आईच्या पायथ्याशी, मुठीत ते बटण धरून. गुणवंतने खुर्ची ओढली आणि नेमकं आता, एवढी मुभा मिळाल्यावर, त्याला भीती वाटली. पण बाई वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, तरी त्याला तसं वाटलं.

"बाई," तो म्हणाला, "मी आलो नाही कित्येक रविवार. तूच म्हणली असशील, बरं झालं, ब्याद टळली."

मोतिया. निळसर.

"मी घरी बसून कापसाचं आठवून राहिलो होतो. त्या गंजीचं. तू उडी मारली आणि गेली खाली. वरून भसकन कापूस आला." पिवळा. केतकीची मूठ आवळली. "मी आपला इकडून तिकडं, बाबाले हाक मारू का काय करू. मंग घातला हात आणि मीच तुले ओढून काढलं."

नारिंगी.

"केसाले धरून! रडून राहिली होती तू."

लाल दिवा लागला. या खोलीत तो कधीच लागला नव्हता. समोरच्या भिंतीवर त्याची लाली पसरली.

"मामाजी, बस!" केतकी ओरडली. "पुरे झालं, बस करा!"

गुणवंत घाबरून उठलाच. "बरं, बरं बाई, तूच काढलं मले! तूच! मी होतो आत, तू होती बाहेर. झालं?"

लाल विझला. नारिंगी. पिवळा. निळसर. दिवा जिना उतरल्यासारखा एकेक पायरी खाली आला आणि थांबला.

केतकी आपल्या मुठीकडे बघत होती. "मी दाबलं नाही," ती म्हणाली. "औषध दिलंच नाही मी."

डॉक्टर खिडकीपासून दोन पावलं पुढे आल्या. "काका, ते परत म्हणा."

"कोणतं?"

"मघाचं. तुम्ही काढलंत ते."

गुणवंतने ओठांवरून जीभ फिरवली. "मी काढलं, बाई." दिवा सरसर चढला. "तू काढलं." उतरला.

आता केतकी वाकली. आईच्या तोंडाशी तोंड नेऊन ती हळूच म्हणाली, "आई, मामाजीच खरं सांगतायत, बरं का." दिवा असा काही लालपर्यंत उसळला, की तिला हसू फुटलं आणि त्याबरोबरच ती ढसाढसा रडायला लागली.

डॉ. नौशीन कितीतरी वेळ त्या खांबाकडे बघत राहिल्या. मग तिथेच त्यांनी ते दोघांना उलगडून सांगितलं. यंत्राला राग आणि दुखणं यांतला फरक कळत नाही, हे खरंच. पण त्याला घातलेली अट इथे कामी आली होती. बाईंच्या आत काहीही वाढलं तर दिवा वरच जाणार, चुकूनही खाली येणार नाही. यंत्र आडमुठं होतं, पण उलटं बोलणारं नव्हतं. आणि न उलटणाऱ्या खुणेवर भरवसा ठेवून बोलता येतं. तिला प्रश्न विचारायचा नाही. एक वाक्य ठणकावून म्हणायचं. खोटं असलं तर ती भांडेल.

त्याच तासात केतकीने विचारून घेतलं. "आई, तुला आत्ता दुखत नाहीये," ती म्हणाली.

दिवा पिवळा झाला.

केतकीचा चेहरा उतरला. म्हणजे दुखत होतं. तिने बटण वर उचललं. "मग औषध देते, आई. झोप तू."

लाल.

"थांब," गुणवंत पुटपुटला. "नको म्हणून राहिली ती."

"पण दुखतंय तिला!"

"हाव. दुखते आणि झोपायचंबी नाही. तिचं ते ठरलं हाये, आपण काय करणार?"

त्या हिवाळ्यात रविवारी औषध बंद राहू लागलं. एरवी यंत्र आपलं काम करायचं, पण रविवार बाईचा. तिच्याशी बोलायचं म्हणजे भांडता येईल असंच काही बोलावं लागे. गोड बोललं की दिवा कंटाळून मोतियावर बसून राहायचा. गुणवंतला त्याची सवयच होती. केतकीला ते शिकावं लागलं. जन्मभर तिने वाद टाळले होते. आता ती आईच्या उशाशी बसून म्हणायची, "तुझी खिडकी बंदच बरी," आणि दिवा चढायचा, मग खिडकी उघडली जायची. आईला नर्सचा रेडिओ आवडत नाही, डाव्या कुशीवर झोपायला आवडतं, आणि केतकीने नोकरी सोडून इथे येऊन राहणं तिला मुळीच पसंत नाही, हे सगळं असं एकेक करून समजलं. शेवटच्या गोष्टीवर मायलेकी दोन रविवार भांडल्या. केतकीने महिन्यातले काही दिवस अमरावतीला जाऊन काम करायचं कबूल केलं तेव्हा कुठे दिवा उतरला.

"बाप्पा, लयच चिवट," गुणवंत म्हणाला. दिवा जरासा चढला.

फाल्गुनात कॉफी फुलली. बागेवर एका रात्रीत पांढरं पसरलं आणि त्याचा गोड, जड वास धुक्यात मिसळून खोलीत राहायला आला. त्या वासाचा गुणवंतला पुढे कायम धसका बसला, कारण त्याच दिवसांत दिवा सकाळपासूनच पिवळा राहू लागला. कुणी काही बोललेलं नसायचं. बाईचे सांधे आखडत चालले होते आणि छातीत कफ धरला होता. मग नारिंगी. औषध वाढवलं की ती बुडून जायची, कमी केलं की दिवा परत तिथेच.

डॉ. नौशीन यांनी दोघांना बोलावून घेतलं.

"जिना पाचच पायऱ्यांचा आहे," त्या म्हणाल्या. "सहावी नाही. आता ती दुखण्यानेच चौथीवर उभी असते. भांडायला तिच्याकडे एकच पायरी उरलीय. काही दिवसांत तीही जाईल. मग ती काही म्हणाली तरी दिवा लालच दिसेल, आपल्याला कळणार नाही. झोपेचं औषध कायमचं चालू करायचं का, हे तिला विचारायचं असेल तर आता विचारा."

खोलीत गेल्यावर केतकी पायथ्याशी जाऊन बसली. तेव्हा गुणवंतच खुर्चीत बसला. दिवा नारिंगी होता.

"बाई," तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई म्हणून राहिल्या, तुले कायमचं झोपवायचं. मी म्हटलं, काही गरज नाही. बाईले जागंच राहायचं हाये."

लाल.

गुणवंतने मनगटावरची पट्टी चाचपली. "सैल झाली असंन."

"सैल नाही झाली," केतकी म्हणाली.

"बाई, ऐक. रविवारी मी येतो. आता आंबे येतीन. केतकी रस करंन, जिभेवर एक थेंब तरी ठेवता येईन. तुले जागंच राहायचंय."

लाल. त्याने डोळे मिटून घेतले, जणू दिसलंच नाही.

"मामाजी, ती नाही म्हणतेय."

"तुले काय समजते? आमचं साठ वर्षांचं भांडण हाये. ती माह्याशी नुसती आडवी बोलते, तिच्या मनात तसं नसते."

"तिच्या मनात तसंच आहे!" केतकी उठून उभी राहिली. तिचा आवाज व्हरांडा ओलांडून पार बागेत गेला असावा. "ती माझी आई आहे. ती नाही म्हणतेय आणि तुम्हाला ऐकायचं नाहीये, कारण रविवारी तुम्हाला कुठे जायचं ते कळणार नाही! तिचं दुखणं तुम्ही सोसताय का? ऐका की जरा तिचं! एकदा तरी ऐका!"

गुणवंत आपल्या पंजांकडे बघत बसला. त्याने किती तरी लोकांना घाटातून सुखरूप खाली आणलं होतं. या बाईला मात्र कुठे न्यायचं, त्याच्या हातात नव्हतं. खूप वेळाने त्याने मान वर केली.

"बरं," तो म्हणाला. "तुले झोपायचं हाये."

लाल विझला, नारिंगी विझला. दिवा पिवळ्यावर आला. त्या आठवड्यात तो इतका खाली कधीच आला नव्हता.

"झोप मंग," गुणवंत म्हणाला.

डॉक्टरांनी औषध अगदी हळू सुरू केलं. केतकीने खिडकी सताड उघडली, आईला डाव्या कुशीवर केलं, एक हात तिच्या खांद्यावर आणि दुसरा मामाच्या पाठीवर ठेवला. धुकं आत आलं. फुलांचा वास आला. दिवा पिवळ्यावरून निळसरकडे निघाला होता. कुणी काही बोलत नव्हतं, खरं-खोटं काहीच नाही. आणि त्या शांततेत दिवा पुन्हा चढला. पिवळा, मग नारिंगी. तिथे तो बराच वेळ राहिला. डॉक्टरांनी पट्टी तपासली, नळी तपासली, कुशीखाली, कानाखाली हात घालून पाहिलं, कुठे काही रुतत नव्हतं. मग एकेक पायरी उतरत दिवा मोतियावर आला आणि पडद्यावरची रेघ सपाट होत गेली.

वनमाला पुढच्याच आठवड्यात झोपेतच गेली. पहाटेचं धुकं इतकं दाट होतं, की न्यायला आलेली गाडी फाटकाशी येऊनही कुणाला दिसली नाही.

दहावं-तेरावं झाल्यावर केतकी खोली रिकामी करायला वर आली. सामान उचलू लागायला गुणवंतही आला. दोन पिशव्या आणि एक पेटी घेऊन दोघं बसथांब्यावर येऊन उभी राहिली. धुकं विरळ झालं होतं.

"त्या दिवशी शेवटी दिवा चढला ना," गुणवंत म्हणाला. "आपण कोणी बोललो नव्हतो. हसली ती."

केतकीने पिशवी खाली ठेवली. "रडली, मामाजी."

"हसली. मी ओळखतो तिले."

"मी नाही ओळखत? माझी आई होती. आपल्याला सोडून जायचं म्हणून रडली ती."

"बाई आणि रडंन? लग्नात रडली नाही, बाबा गेले तेव्हा रडली नाही."

"तुमच्यासमोर नाही रडली. माझ्यासमोर रडायची."

"डॉक्टरले विचारू."

"मी विचारलं. त्या म्हणाल्या, मला माहीत नाही. चौथी पायरी, एवढंच यंत्र सांगतं."

"मंग झालं तर. हसली."

"झालं कसं? चौथी पायरी म्हणजे हसणं कुठे लिहिलंय?"

गाडी आली, दार उघडून उभी राहिली. आतून एक मंजुळ आवाज चढायची विनंती करत राहिला, मागचे प्रवासी खोळंबले, कणसं भाजणाऱ्या बाईने पंखा थांबवून इकडे पाहिलं. गुणवंत पेटी हातात धरून, केतकी कमरेवर हात ठेवून, दोघंही तिथेच उभी होती.

"हसली, म्हणतो ना मी!"

"रडली!" केतकी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला होता, की आपण भांडतोय हे तिच्याही ध्यानात आलं नाही.